हेवुड-वेकफिल्ड: ड्रॉवरमधल्या शिक्क्यामागची दीडशे वर्षं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एका एस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातलं सगळं सामान विकायला काढतात तिथे, तुम्ही दोन वस्तू घेतल्या. एक फिकट मधाळ रंगाचं, गोलसर कडांचं ड्रेसर, म्हणजे ड्रॉवरांचं बैठं कपाट. त्याच्या ड्रॉवरमध्ये गरुडाचा शिक्का आणि ‘हेवुड-वेकफिल्ड’ हे नाव आहे. दुसरी वेताची नक्षीदार डुलती खुर्ची, तिच्या बैठकीखाली ‘हेवुड ब्रदर्स अँड वेकफिल्ड कंपनी’ असं फाटकं कागदी लेबल. या दोन्ही एकाच कंपनीच्या कशा, कंपनी आज आहे का, आणि ड्रेसरचं जुनं पॉलिश खरवडून नवं करावं का?

उत्तरं आधी सांगून टाकतो. कंपनी एकच. खुर्ची १८९७ ते १९२१ या काळातली. ड्रेसर बहुतेक दुसऱ्या महायुद्धानंतरचं, पण १९६६ च्या आतलं. कंपनीचा मूळ कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. आणि पॉलिश खरवडू नका, निदान हे सगळं वाचून होईपर्यंत तरी नको.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचं काम करतो. ही कंपनी इथलीच, त्यामुळे तिचा माल सतत हाताखालून जातो. लोक तिला ‘पन्नासच्या दशकातल्या फिकट फर्निचरची कंपनी’ म्हणून ओळखतात, आणि तिथेच गल्लत होते. तिच्या आयुष्यातला तो शेवटचा टप्पा. त्याआधी शंभरएक वर्षं ती वेत आणि खुर्च्या यांतली दादा कंपनी होती. तिची खरी करामत डिझाइनमध्ये नव्हती, लाकूड वाकवण्यात आणि वेत विणण्यात होती. हे एकदा ध्यानात घेतलं की तुमच्या दोन वस्तूंचं नातं आपोआप उलगडतं.

ही मुळात दोन घरांची गोष्ट आहे, आणि दोन्ही घरं एकमेकांची प्रतिस्पर्धी होती.

पहिलं घर हेवुड बंधूंचं. मॅसॅच्युसेट्सच्या मध्यावर गार्डनर नावाचं गाव आहे. आजही ते स्वतःला खुर्च्यांचं शहर म्हणवतं आणि तिथे भलीमोठी खुर्ची उभी करून ठेवलेली आहे. आसपास जंगल, ओढ्यांना पाणी, जमीन मात्र शेतीला बेताचीच. मग शेतकऱ्यांनी हिवाळ्यात खुर्च्या करायच्या, हा तिथला रिवाज. १८२६ मध्ये हेवुड भावांपैकी वॉल्टरने तिथे खुर्च्या करायला सुरुवात केली. पुढे धंद्याची सूत्रं आली लेवी हेवुडकडे. लेवी हाडाचा यंत्रवाला होता. हाताने होणारं प्रत्येक काम यंत्राला कसं लावता येईल, हाच त्याचा ध्यास. शेजारचे लोक हाताने खुर्च्या घडवत होते तेव्हा याने लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायची यंत्रं बसवली. व्हिएन्नाच्या थोनेट घराण्यातल्या फ्रान्सिस थोनेटने त्याचा कारखाना पाहिला आणि लाकूड वाकवण्याची याहून चांगली यंत्रं आपण पाहिली नाहीत, अशा अर्थाचं पत्र लिहिलं. मुंबईतल्या इराण्याकडे ज्या गोल बैठकीच्या, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या असतात, त्या घाटाचे जनक हे थोनेट. त्यांनीच अशी पावती द्यावी, म्हणजे लेवी काय तोलाचा माणूस होता ते कळतं.

दुसरं घर सायरस वेकफिल्डचं. याची गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती कचऱ्यापासून सुरू होते. सायरस बॉस्टनमध्ये भावाबरोबर किराण्याचं दुकान चालवायचा. त्या काळी पूर्वेकडून येणारी जहाजं माल हलू नये म्हणून मध्ये वेताच्या मोळ्या ठासून भरत. माल उतरला की वेत धक्क्यावर फेकून द्यायचे. १८४४ मध्ये सायरसने असा टाकलेला वेत उचलला आणि टोपल्या-खुर्च्या करणाऱ्यांना विकला, असं सांगितलं जातं. गठ्ठा हातोहात गेला. थोड्याच काळात किराणा बंद आणि वेताचा व्यापार सुरू. सायरसचा एक मेहुणा चीनमध्ये कँटनला रसेल अँड कंपनीत होता, त्याच्यामार्फत माल थेट येऊ लागला. ही रसेल कंपनी चहा-रेशमाबरोबर अफूचाही व्यापार करायची. याच कँटनच्या बाजारात माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची आणि मुंबईतल्या कित्येक शेठांच्या तिजोऱ्या त्यावर भरल्या. म्हणजे बॉस्टनच्या खुर्च्या आणि मुंबईची शेठाई या दोन्हींचे धागे कँटनच्या एकाच धक्क्यावर येतात.

वेत म्हणजे एक चढणारा ताड. आपल्याकडे सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या रानातही तो झाडांवर चढलेला दिसतो. त्याची वरची चकचकीत साल सोलून तिच्या चपट्या, अरुंद पट्ट्या काढतात. खुर्चीच्या बैठकीची जाळी या पट्ट्यांची. आत उरतो तो गोल, मऊ, सच्छिद्र गाभा. सुरुवातीला अमेरिकेला हवी होती फक्त साल, आणि ती कँटनमध्ये हाताने सोलून जहाजाने यायची. सायरसने ठरवलं की अख्खा वेत आणायचा आणि सोलायचा इथेच. आधी बॉस्टनमध्ये हाताने फिरवायची यंत्रं, मग १८५५ च्या सुमारास पाण्याच्या जोरावर यंत्रं चालवायला तो साउथ रीडिंग या गावी गेला. पुढच्याच वर्षी चीनमध्ये दुसरं अफू युद्ध पेटलं आणि कँटनचा पुरवठा अडला. ज्यांचं सगळं तयार सालीवर अवलंबून होतं ते हात चोळत बसले.

सायरसची अक्कल दिसते ती गाभ्याच्या बाबतीत. साल काढल्यावर उरलेला गाभा आजवर फेकून दिला जायचा. त्याने तो कापून सारख्या जाडीच्या काड्यांमध्ये काढला. तो वाकतो छान, रंग चांगला धरतो. बायकांच्या फुगीर झग्यांच्या आतली कडी त्यापासून झाली, टोपल्या झाल्या, आणि मग आख्खं फर्निचर. सोलताना पडणाऱ्या भुश्शाची पायपुसणी आणि चटया विणल्या. तुमच्या डुलत्या खुर्चीवरची वेलबुट्टी, गोल कड्या, पिळाच्या कडा, हे सगळं बहुधा याच गाभ्याच्या काड्यांचं आहे, सालीचं नाही. पाठीच्या आतल्या बाजूला, जिथे रंग पोचलेला नाही अशा जागी नख लावून बघा. साल असेल तर गुळगुळीत आणि कडक लागते. गाभा खरखरीत लागतो, त्याला बारीक केस सुटलेले असतात.

गावाने १८६८ मध्ये साउथ रीडिंग हे नाव टाकून वेकफिल्ड हे नाव घेतलं. सायरसने गावाला टाउन हॉल बांधून देऊ केला होता, त्याची ही परतफेड. पण १८७३ च्या शरद ऋतूत अमेरिकेत आर्थिक हाहाकार उडाला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये सायरस वारला. ज्याच्या नावाने गाव ओळखलं जातं त्याच्या मागे पैसा फारसा उरला नव्हता. कंपनीसाठी सिंगापूरला वेत खरेदी करणारा त्याचा पुतण्या, त्याचंही नाव सायरसच, परत आला आणि त्याने कारभार हाती घेतला.

आता विणकामाकडे येतो, कारण आमच्या कामात रोज उपयोगी पडणारा शोध या दोन घरांच्या चढाओढीतून निघाला.

जुन्या पद्धतीत खुर्चीच्या चौकटीला कडेने सगळीकडे भोकं पाडलेली असतात, साधारण अर्ध्या इंचावर एक. ओलवलेली वेताची पट्टी एका भोकातून वर, समोरच्या भोकातून खाली. आधी उभ्या, मग आडव्या, मग पुन्हा उभ्या, मग त्यांच्यातून वर-खाली करत आडव्या, शेवटी दोन्ही बाजूंनी तिरप्या, आणि कडेला एक झाकणपट्टी. मधल्या वेळात पट्टी सुटू नये म्हणून भोकात खुंटी ठोकायची. तिरपी ओळ चुकीच्या बाजूने ओढली तर ती घासली जाते आणि वर्षा-दोन वर्षांत तुटते, म्हणून तयार कारागीर बोटांनीच बाजू ओळखतो. महाराष्ट्रात सरकारी कचेऱ्यांच्या खुर्च्यांचं हे काम कित्येक ठिकाणी अंध कारागिरांकडे असायचं, आणि त्यांच्या हातची जाळी डोळसांना जमणार नाही इतकी सारखी असायची. गार्डनरमध्ये हे काम घरोघरी चालायचं. कारखान्यातून चौकटी शेतघरांवर जायच्या, बायका आणि मुलं नगावर पैसे घेऊन विणायची, तयार खुर्च्या परत जायच्या.

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या वर्षांत हे हातांकडून यंत्राकडे गेलं. वेकफिल्डकडे विल्यम ह्यूस्टन आणि हेवुडकडे गार्डनर वॉटकिन्स, या दोन कारागिरांनी वेताची जाळी मागावर कापडासारखी लांबच लांब विणायची सोय केली. वॉटकिन्सने त्याच्या जोडीला बैठकीत सलग खाच कोरून जाळी तिच्यात दाबून बसवणारं यंत्रही केलं. आता भोकांची गरजच उरली नाही. जाळीचा तुकडा भिजवायचा, खाचेवर ठेवायचा, लाकडी पाचरीने खाचेत ठोकायचा, वर सरस घालून एक वेताची पट्टी बसवायची, जास्तीची जाळी कापायची. वाळताना जाळी आपोआप ताठ होते. आज मुंबई-पुण्याच्या बाजारात फुटावर विकला जाणारा केनचा रोल, आणि हल्ली कपाटांच्या दारांना लावायची जी फॅशन आली आहे, ती याच शोधाची पतवंडं. आगगाडीच्या आणि ट्रामच्या बाकांना याच जाळीचा प्रचंड खप होता. घरगुती खुर्च्यांनी नाव दिलं असेल, पण गाड्यांच्या बाकांनी पैसा दिला.

वेताची बैठक असलेली कुठलीही खुर्ची हाती आली की आधी ती उलटी करा. कडेला भोकांची रांग दिसली तर विणकाम हाताचं. खालून काहीच दिसत नसेल आणि वरून कडेला एक गोलसर पट्टी फिरलेली असेल तर जाळी यंत्राची. दुरुस्तीचा खर्च यावर ठरतो. यंत्राच्या जाळीची बैठक अर्ध्या दिवसात बदलते. हाताच्या कामाला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि माणूस मिळणं त्याहून कठीण.

हेवुडनी पुढे स्वतःही वेताचं फर्निचर काढायला घेतलं. मग दोघांचे कॅटलॉग एकमेकांवर कुरघोडी करू लागले. तो काळच वेताच्या फर्निचरचा होता. हवेशीर, हलकं, धुता येतं, त्यात धूळ-किडे बसत नाहीत, म्हणून व्हरांड्यात आणि उन्हाळी बंगल्यांत दुसरं काही चालेना. कुठे हृदयाचा आकार, कुठे पंखा, कुठे मोराच्या पिसासारखी पाठ. खरं सांगायचं तर त्यातल्या पुष्कळ खुर्च्यांत बसवत नाही, टेकलं की नक्षी पाठीला बोचते. पण फोटो स्टुडिओवाल्यांना त्या फार आवडायच्या. त्या काळातल्या अमेरिकी फोटोंत बाळ किंवा आजीबाई बहुतेक वेळा अशाच खुर्चीत दिसतात. बाबागाड्याही दोघांच्या चालत.

१८९७ मध्ये दोघं एकत्र आले. नवं नाव हेवुड ब्रदर्स अँड वेकफिल्ड कंपनी, म्हणजे तुमच्या लेबलवरचं. १९२१ मध्ये ते आटोपशीर होऊन हेवुड-वेकफिल्ड झालं. त्यामुळे वय काढायचं असेल तर नाव हाच पहिला पुरावा. नुसतं ‘वेकफिल्ड रॅटन कंपनी’ (रॅटन म्हणजे वेत) असेल तर वस्तू १८९७ च्या आधीची. लांब नाव असेल तर १८९७ ते १९२१. जोडनाव असेल तर त्यानंतरची. गिऱ्हाईक आलं की मी नक्षी-घाट बघण्याआधी लेबल शोधतो. नक्षी वर्षानुवर्षं तीच चालू राहायची, लेबल मात्र बदलायचं.

१९२१ हे साल दुसऱ्या कारणानेही महत्त्वाचं. मिशिगनमधल्या मेनॉमिनी गावी मार्शल लॉइड नावाचा बाबागाड्यांचा कारखानदार होता. हाताने वेत विणणं वेळखाऊ आणि महाग, म्हणून त्याने १९१७ मध्ये वेतच काढून टाकला. कडक कागद पिळून त्याची दोरी केली, उभ्या दोऱ्यांत पोलादी तार घातली, आणि चौकट बाजूला ठेवून कापड आधी मागावर विणलं. नंतर ते चौकटीवर ताणून खिळ्यांनी बसवलं. एक माग तीस विणकरांचं काम करतो, असं त्या वेळी सांगितलं जायचं. हेवुड-वेकफिल्डने १९२१ मध्ये लॉइडची कंपनीच विकत घेतली. इंग्लंडमधले हक्क लंडनच्या लस्टी कंपनीकडे गेले आणि तिकडे ‘लॉइड लूम’ हे नाव घराघरांत पोचलं.

हा कागदी माल ओळखायला लोहचुंबक पुरतो. उभ्या दोरीला चिकटला, आडव्या दोरीला नाही, की तो लॉइडचा. हे तपासल्याशिवाय वेताची समजून कुठलीही खुर्ची धुऊ नका. खऱ्या वेताला पाणी मानवतं, कागदाला नाही. भिजलेली दोरी फुगते, पीळ सुटतो आणि मग तिला कोणी वाचवू शकत नाही.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात वेताची हौस ओसरली आणि १९२९ नंतरच्या मंदीने उरलंसुरलं संपवलं. वेकफिल्ड गावातला कारखाना बंद करून सगळं गार्डनरला आणलं गेलं. आता विकायचं काय? कंपनीने दोन दगडांवर पाय ठेवले. एकीकडे ‘ओल्ड कॉलनी’ नावाने वसाहतकालीन घाटाचं मेपलचं फर्निचर, ज्यांना आजी-पणजीच्या घरासारखं घर हवं त्यांच्यासाठी. दुसरीकडे गिल्बर्ट रोड आणि रसेल राइट यांच्यासारख्या डिझायनरांना बोलावून साध्या, सपाट, आधुनिक वस्तू. १९३६ पासून ही आधुनिक मालिका कायमची झाली. पुढे लिओ जिरानेक आला, मोटारींच्या आकृत्या काढणारा अ‍ॅलेक्सिस द साखनॉफ्स्कीही आला. त्या काळच्या मोटारी-विमानांसारख्या गोल, वाऱ्याने घासल्यासारख्या कडा फर्निचरवर आल्या त्या अशा.

मधल्या काळातला एक किस्सा सांगायलाच हवा. गाड्यांची बाकं हा कंपनीचा जुना धंदा, आणि महायुद्ध संपता संपता रेल्वे कंपन्यांना नवी, मागे कलणारी आसनं हवी होती. कंपनीने हार्वर्डचे मानवशास्त्रज्ञ अर्नेस्ट हूटन यांना काम दिलं. हूटन यांच्या माणसांनी बॉस्टन आणि शिकागोच्या रेल्वे स्थानकांवर मापं घेण्याची खुर्ची मांडली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ३,८६७ प्रवाशांना तिच्यात बसवून मापं घेतली. कंबरेची रुंदी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं अंतर, बसल्यावर खांदा कुठे येतो, कोपर कुठे टेकतं. या मापांवर १९४५ मध्ये आसनं कशी असावीत याचा अहवाल झाला. आज ऑफिसच्या खुर्च्या विकणारे शरीराच्या मापांच्या शास्त्राचा एवढा गाजावाजा करतात. हे काम खुर्च्यांच्या कंपनीच्या पैशाने, फलाटावर, गाडीची वाट बघणाऱ्या साध्या माणसांवर झालं होतं.

आता तुमचं ड्रेसर. युद्धानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत कंपनीचा आधुनिक माल सगळ्यात जोरात होता. सैन्यातून परतलेले तरुण, नवी छोटी घरं, नवे संसार. मालिकांची नावंही झोकदार. एन्कोर, स्कल्प्चरा, हार्मोनिक, आणि १९४९ च्या सुमारास आलेली चक्क कोहिनूर. मॅसॅच्युसेट्समध्ये बर्चच्या ड्रेसरला कोहिनूर नाव देताना त्यांच्या डोक्यात काय होतं कोण जाणे, पण मराठी घरात कोहिनूर मालिकेतला नग आला तर मी तो मुद्दाम सांगतो.

या मालाची जान म्हणजे लाकूड. उत्तरेकडचा पिवळा बर्च, आणि तो भरीव. वरून चांगल्या लाकडाचं पातळ व्हिनियर आणि आत स्वस्त लाकूड, असा प्रकार नाही. ड्रॉवर बाहेर काढा आणि त्याचा दर्शनी भाग वरून बघा. अनेक नगांत तो मधे फुगीर असतो. हा फुगवटा काही ठिकाणी जाड फळीतून कोरलेला नसतो, फळी वाफेवर वाकवलेली असते. कडेने लाकडाच्या रेषांवर नजर ठेवा. रेषा वळणाबरोबर वळत गेल्या तर फळी वाकवलेली, रेषा मध्येच कापल्या गेल्या तर कोरलेली. लेवी हेवुडची वाफ शंभर वर्षांनी इथे पुन्हा कामाला आली. खुर्च्यांत तर हे उघडच दिसतं. पाठीवर कुत्र्याच्या बिस्किटासारखी आडवी पट्टी असलेली एम १५४ ही खुर्ची इथल्या जुन्या बाजारात सगळ्यांना तोंडपाठ आहे. मागे किंवा खाली छापलेल्या नंबराच्या आधी एम असेल तर नग साधारण पन्नासच्या दशकातला किंवा पुढचा. सी असेल तर त्याआधीचा.

आणि पॉलिश. लोक इथेच सगळ्यात जास्त नुकसान करून बसतात. तुम्हाला दिसणारा मधाळ रंग लाकडाचा नाही आणि लाकडात मुरवलेल्या रंगाचाही नाही. कंपनी लॅकरमध्येच, म्हणजे वरून देतात त्या चकचकीत लेपातच, रंग मिसळून तो थरांनी फवारायची. ‘व्हीट’ आणि ‘शँपेन’ या सगळ्यात खपलेल्या दोन छटा. व्हीट पिवळसर, शँपेनमध्ये किंचित गुलाबी झाक. हा रंगीत थर थोडा गढूळ असल्यामुळे बर्चच्या रेषा मंद होतात आणि सगळा नग एकसारखा दिसतो. तुम्ही रसायन लावून किंवा काचपेपरने तो थर काढला की हाती येतो पांढुरका, डागाळ, कोरा बर्च. त्यावर साधं पारदर्शक पॉलिश मारून पूर्वीचा रंग कधीच येत नाही. पुन्हा तसाच करायचा तर रंग मिसळलेलं लॅकर फवाऱ्याने मारणारा माणूस हवा, आणि इथे त्याचे पैसे ड्रेसरच्या किमतीच्या घरात जाऊ शकतात.

मूळ छटा कोणती हे कळायला ड्रेसरचा समोरचा भाग बघू नका. जुनं लॅकर उजेडाने पिवळं पडतं, त्यामुळे शँपेनही व्हीटसारखं दिसू लागतं. ड्रॉवर बाहेर ओढून त्याच्या दर्शनी फळीची वरची कड बघा, किंवा जिथे वर्षानुवर्षं दिवा वा फ्रेम ठेवलेली होती ती जागा. तिथे खरा रंग टिकलेला असतो.

कंपनी संपली कशी, याचं एकच कारण सांगता येत नाही. भरीव बर्च महाग पडत गेला. डेन्मार्कहून सागवानी फर्निचर येऊ लागलं आणि तरुणांची नजर तिकडे गेली. उत्तर कॅरोलायनातले कारखाने कमी मजुरीत, व्हिनियर लावून निम्म्या किमतीत माल देत होते. कंपनी शाळांची नळीच्या पोलादाची बाकं, थिएटरच्या आणि बसच्या खुर्च्या यांत विखुरली होतीच. १९६६ मध्ये आधुनिक मालिका थांबली आणि १९७९ मध्ये गार्डनरचा कारखाना बंद झाला. माझं मत विचाराल तर, ज्या कंपनीची ताकद यंत्रावर लाकूड आणि वेत हवा तसा वळवण्यात होती तिला, प्लायवुड, प्लास्टिक आणि पोलादाच्या काळात इतरांहून वेगळं देण्यासारखं फारसं उरलं नाही. डिझायनर सगळेच बोलावू शकत होते.

गार्डनरच्या त्या लांबच लांब विटांच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यातल्या काहींत आज ज्येष्ठ नागरिक राहतात. मेनॉमिनीचा लॉइड कारखाना १९८२ मध्ये फ्लँडर्स कंपनीने घेतला. तिथे लॉइड-फ्लँडर्स नावाने आजही बागेतलं विणीचं फर्निचर तयार होतं, म्हणजे त्या घराची एक फांदी हिरवी आहे. १९९० च्या दशकात मायामीकडे कोणीतरी हेवुड-वेकफिल्ड हे नाव घेऊन जुन्या नमुन्यांची नवी प्रत काढायला लागलं. तो माल वाईट नाही, पण तो जुना नव्हे. ड्रॉवरच्या आत लाकूड ताजं, कोपरे धारदार आणि चालपट्ट्यांवर झिजेचा मागमूस नाही, असं असेल तर शिक्का काहीही सांगो, सावध राहा. साठ-सत्तर वर्षं उघडझाप झालेल्या ड्रॉवरच्या खालच्या पट्टीला खळगा पडलेला असतोच.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. ड्रेसर आधी किंचित ओल्या, नीट पिळलेल्या मऊ फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा. मेण आणि तेलाचे जुने थर असतील तर मिनरल स्पिरिटचं (तैलरंग पातळ करायच्या द्रावणाचं) फडकं चालेल, आधी मागच्या बाजूला छोट्या जागी लावून पाहा. रंग फडक्याला लागला तर थांबा. लागला नाही तर पुढे जा आणि शेवटी फर्निचरच्या मेणाचा एक पातळ हात द्या. वरच्या फळीवर ग्लासच्या ओल्या वर्तुळांचे पांढरे डाग असतील तर तेवढ्यासाठी सगळं खरवडू नका, तेवढ्या फळीचं काम करून मिळतं. ड्रॉवर अडत असतील तर चालपट्टीला मेणबत्ती घासा, तेल लावू नका.

डुलती खुर्ची हिवाळ्यात हीटरजवळ ठेवू नका. इथल्या घरांतली कोरडी हवा वेताला भंगुर करते आणि मग टेकल्यावर काड्या मोडतात. चुंबक चिकटत नसेल आणि ती खऱ्या वेताचीच असल्याची खात्री असेल तर वर्षातून एकदा उन्हाळ्यात बाहेर नेऊन पाण्याचा बारीक फवारा मारा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. तोपर्यंत तिच्यावर कोणी बसायचं नाही. सुटलेली टोकं गोंदाने चिकटवायची असतील तर पांढरा लाकूडगोंद वापरा, लगेच घट्ट होणारा नको, तो वेताला कडक करून शेजारून तोडतो.

आणि ते फाटकं लेबल काढू नका, त्यावर पॉलिश किंवा टेपही लावू नका. फवारा मारताना ते आधी प्लास्टिकने झाका. एरवी त्यावर पारदर्शक, आम्लरहित फिल्मचा तुकडा ठेवून फिल्मच्या कडा बाजूच्या लाकडाला बारीक खिळ्यांनी अडकवा, लेबलला काही चिकटता कामा नये. विकायला काढलीत तर घेणारा खुर्ची उलटी करून आधी तेच बघणार.